जॅकेट नवंच असू द्या की!

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या लष्करी वस्तूंच्या हौशी बाजारावर लेख आला होता. लेख चांगला होता, फोटोही मस्त होते, पण त्यातल्या एका वाक्यावर मी जो अडकलो तो अजून सुटलेलो नाही म्हणून हे पत्र लिहितोय, आणि पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो, कापायचं असेल तर कापा पण मधूनच कापू नका. वाक्य साधारण असं होतं की दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या चामड्याच्या 'बॉम्बर जॅकेट'ची नकली मालाची लाट आलीये आणि खरं जॅकेट ओळखायचं तर ते किती झिजलंय ते बघा. आता एवढ्याशा वाक्यात तीन गोष्टी चुकल्यात, आणि तिसरी चूक अशी आहे की तिच्यावरच फसवणाऱ्यांचा धंदा चालतो.

पहिली चूक नावाची, ती पटकन उरकतो. ज्या तपकिरी, अंगाला घट्ट बसणाऱ्या, कंबरेला आणि मनगटाला लोकरीची विणलेली पट्टी असलेल्या जॅकेटला सगळे बॉम्बर म्हणतात ते अमेरिकन आर्मी एअर कोअरचं ए-टू. त्यांच्या पद्धतीत ए म्हणजे उन्हाळी हलकं जॅकेट आणि बी म्हणजे हिवाळी. बी-सेव्हन्टीन सारखं बॉम्बर विमान २५ हजार फुटांवरून जायचं, आत हवेचा दाब राखायची सोय नाही, तापमान शून्याखाली ४० अंश किंवा त्याहून खाली, आणि बाजूच्या खिडकीतून मशीनगन चालवणारा माणूस बऱ्याचदा अक्षरशः उघड्या खिडकीत उभा. तिथे नुसतं ए-टू घालून कोणी गेला असता तर परत बोलायला उरला नसता. त्या लोकांना मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचं जाडजूड बी-थ्री होतं, जे १९३४ पासूनचं आहे, आणि नंतर नंतर विजेवर गरम होणारे सूट आले. ए-टू असलंच तर त्याच्या आत, नाहीतर जमिनीवर, उड्डाणाआधीच्या मीटिंगला, गावात फिरायला. आज दुकानात बॉम्बर म्हणून जे नायलॉनचं फुगीर जॅकेट मिळतं त्याचा मूळपुरुष एमए-वन, तो तर युद्ध संपल्यावर जेट विमानांच्या जमान्यात आला. असो. नावावरून भांडायला माझी ना नाही पण आज तो मुद्दा नाहीये.

दुसरी चूक 'नकली' या शब्दाची, त्यावर खाली येतो. तिसरी आधी घेतो कारण खरं दुखणं तिथे आहे.

ए-टू ९ मे १९३१ ला अधिकृत झालं. ड्रॉइंग नंबर ३०-१४१५, हा नंबर या छंदातल्या लोकांना स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ असतो. घोड्याचं कातडं, आत सुरुवातीला रेशमी अस्तर आणि नंतर सुती, पुढे एकच चेन, कॉलरची टोकं टिचबटणाने दाबून ठेवायची, खांद्यावर पट्ट्या, दोन खिसे आणि बस. तीसच्या दशकात एअर कोअर छोटंसं दल होतं त्यामुळे जॅकेटंही थोडीच निघाली, खरी मोठी कंत्राटं सुटली ती युद्ध दारात आल्यावर, आणि १९४३ मध्ये दलाचे प्रमुख जनरल हॅप अरनॉल्ड यांनी चामडं बंद करून कापडी जॅकेटं आणायला सांगितल्यावर नवीन माल थांबला, त्याच्या जागी बी-टेन आलं. म्हणजे हिशोब करा. आपल्याला फोटोत दिसणाऱ्या बहुतेक पोरांच्या अंगावरचं जॅकेट किती जुनं असणार? वर्षाचं, दोन वर्षांचं. १९४२-४३ चे फोटो मोठे करून बघा, कित्येकांच्या बाहीवर उजेड चमकतोय, कॉलर कडक उभी आहे, कंबरेची पट्टी घट्ट आहे, एकही भोक नाही. तेव्हा ती नवी कोरी जॅकेटं होती हो! पोरंही विशी-बाविशीची.

जे झिजलेलं, तडकलेलं, कोपरावर पांढरट पडलेलं रूप आपल्याला 'ओरिजिनल' वाटतं ते युद्धाने दिलेलं नाहीच. ते दिलंय नंतरच्या ८० वर्षांनी. कुणी परत आल्यावर कॉलेजला घालून गेला, कुणी मोटरसायकलवर, कुणी ते घालून लाकडं फोडली, कुणाच्या पोराने वापरलं, मग माळ्यावर पडलं, कसरीने लोकरीच्या पट्ट्या खाल्ल्या, सुती दोरा कुजला, कातडं सुकून पुठ्ठा झालं. हे सगळं खरंच आहे आणि त्याचंही एक मोल आहे, मी नाही म्हणत नाही, पण तो शांततेच्या काळाचा इतिहास आहे, उड्डाणाचा नाही.

आणि म्हणून प्रतिकृती बनवणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो की बाबा तू प्रतिकृती कशाची करतोयस, १९४३ च्या जॅकेटची की माळ्यावरून निघालेल्या जॅकेटची? पहिल्याची करत असशील तर ते नवंच दिसलं पाहिजे, कातडं करकरलं पाहिजे, पहिला महिनाभर हात वर करताना जड गेलं पाहिजे. आणि दुसऱ्याची करत असशील, म्हणजे नवीन कातडं ड्रममध्ये घुसळून, सँडपेपर मारून, कडांचा रंग उडवून, पट्टीला मुद्दाम भोकं पाडून, तर तू जॅकेटची नाही, कुणाच्या तरी आयुष्याची नक्कल करतोयस. मला हे पटत नाही. लोकांना आवडतं, विकलं जातं, त्याला 'एजिंग' म्हणून जास्तीचे पैसेही घेतात. पण पटत नाही.

आता 'नकली'वर येतो. नकली, डुप्लिकेट, बनावट, प्रतिकृती, हे शब्द आपण भाजीसारखे एकत्र कालवतो. तुमच्या लेखात तेच झालंय. तीन वेगळ्या वस्तू आहेत. एक फॅशनचं जॅकेट, ज्याला फक्त तसं दिसायचंय. ते ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, पाठ बघा आणि खिसे बघा. ए-टूची पाठ एका अखंड कातड्याची असते. फॅशनवाले दोन-तीन तुकडे जोडतात कारण एवढा मोठा निर्दोष तुकडा काढायचा तर बाकीचं कातडं वाया जातं आणि ते महाग पडतं. आणि ए-टूच्या खिशात वरून झाकण उघडून वस्तू ठेवायची, बाजूने हात घालायची सोय नाहीच. खिशात हात घालून उभं राहणं लष्करी शिस्तीत बसत नाही, असं त्याचं कारण सांगतात. आजच्या गिऱ्हाइकाला हात कोंबायला खिसा हवाच असतो, मग दुकानदार देतो, आणि आत मोबाईलसाठी अजून एक देतो. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला ए-टू म्हणू नका.

दुसरी वस्तू म्हणजे खरी प्रतिकृती, आणि हे काम करणारी माणसं वेडी असतात, चांगल्या अर्थाने. युद्धकाळात ए-टू पंधरा-सतरा वेगवेगळ्या कंत्राटदारांनी शिवलं. रफ वेअर, एअरो लेदर, पेरी स्पोर्ट्सवेअर, स्टार, डुबोव, वर्बर, मोनार्क, ब्रॉन्को, केबल रेनकोट, पकीप्सी लेदर कोट, नावं वाचली तरी कळतं की ही काही तोफा बनवणारी मंडळी नव्हती, रेनकोट आणि साधे कोट शिवणारे कारखाने होते. ड्रॉइंग एकच, पण प्रत्येकाचा कटर वेगळा, हात वेगळा. कुणाच्या कॉलरचं टोक लांब, कुणाचं आखूड, कुणाच्या कॉलरखाली वेगळी उभी पट्टी तर कुणाची कॉलर सरळ गळ्यालाच शिवलेली, खिशाच्या झाकणाचा बाक वेगळा, कातड्याचा रंग कुठे लालसर तर कुठे जवळजवळ काळपट, मनगटाच्या पट्ट्या मूळ कातड्याशी जुळतीलच असं नाही. चेनसुद्धा टॅलन, क्राउन, कॉनमार अशा वेगवेगळ्या. एवढंच काय, काही कंत्राटदार घोड्याच्या जागी गाईचं किंवा शेळीचं कातडंही वापरायचे. म्हणून जाणकार नुसतं 'ए-टू पाहिजे' म्हणत नाहीत, 'रफ वेअरचं अमुक कंत्राटातलं पाहिजे' म्हणतात आणि कंत्राटाचा नंबर सांगतात.

प्रतिकृतीवाला काय करतो, तर त्या कंत्राटातलं अस्सल जॅकेट मिळवतो, बऱ्याचदा फाटलेलं, पार गेलेलं, आणि ते टाका टाका उसवून सपाट करतो, प्रत्येक तुकड्याचा पॅटर्न काढतो. नुसतं वरवर मापं घेऊन ते जमत नाही कारण ८० वर्षांत कातडं आक्रसलेलं, ताणलेलं असतं, शिवणीच्या आत दडलेला भागच मूळचं माप सांगतो. मग इंचात टाके किती, दोरा सुती की आणखी कसला, अस्तराचं विणकाम कसं. घोड्याचं कातडं मिळवणं हीच एक कटकट आहे, तेव्हा अमेरिकेत शेतात आणि रस्त्यावर घोडे होते म्हणून ते सहज मिळायचं, आता ते कमावणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जपानमध्ये हिमेजीला शिन्की नावाची टॅनरी आहे, अमेरिकेत शिकागोला हॉर्वीन, १९०५ पासूनची. शिन्कीचं कातडं हातात घेतलंत तर कळेल की लोक त्याच्या जॅकेटसाठी हजार डॉलरच्या वर का मोजतात. तेही सुरुवातीला चक्क गत्त्यासारखं वाटतं हा, मऊ बिऊ काही नाही.

या कामात जपानी लोक पुढे कसे गेले ते बघण्यासारखं आहे. युद्धात हरलेला देश, अमेरिकन सैन्य तिथे येऊन राहिलं, त्यांचे जुने कपडे टोकियोच्या अमेयोकोसारख्या बाजारात आले, पोरांनी ते घातले, आणि पुढच्या पिढीने ज्यांनी आपल्यावर बॉम्ब टाकले त्यांच्याच जॅकेटांचा असा अभ्यास केला की आज अमेरिकन माणूसच कोबेच्या रिअल मॅकॉयजकडून किंवा टोयो एंटरप्राइजच्या बझ रिक्सन्सकडून ए-टू मागवतो. इंग्लंडात डेव्हनमध्ये ईस्टमन लेदर आहे, स्कॉटलंडमध्ये गालाशील्सला एअरो लेदर, ज्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावच्या त्या युद्धकाळातल्या कंपनीचं नाव पुन्हा जिवंत केलं. स्वस्तातल्या मालासाठी लोक पाकिस्तानात सियालकोटकडे वळतात आणि तिथेही काही कारागीर आता मापात खूप जवळ पोचलेत.

एक गंमत सांगतो. जपानी प्रतिकृतीची शिलाई बघितली की वाटतं देवाने शिवलंय. सरळ रेषा, एकसारखे टाके. आणि अस्सल युद्धकाळातलं जॅकेट? कारखान्यात घाई, पीसवर मजुरी, खिसा जरासा तिरका, टाका कुठे घसरलेला, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर इकडेतिकडे. म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षा चांगली होऊन बसली, मग ती प्रतिकृती राहिली का? यावर या लोकांच्यात तासन् तास वाद होतात आणि मी त्यात दोन्ही बाजूंनी बोललोय.

आणखी एक किस्सा, विषय जरा सोडून. २००३ मध्ये आलेल्या एका इंग्रजी कादंबरीतल्या नायिकेच्या अंगावर बझ रिक्सन्सचं काळं एमए-वन आहे. मूळ एमए-वन हिरवट रंगाचं, कंपनी त्याची प्रतिकृती तशीच करायची, काळं त्यांनी बनवलेलंच नव्हतं, लेखकाने ते आपल्या मनाने काळं केलं. मग वाचकांनी कंपनीकडे काळं मागायला सुरुवात केली आणि कंपनीने शेवटी ते बनवलं. आता याला काय म्हणायचं, जे नव्हतंच त्याची प्रतिकृती!

तिसरी वस्तू म्हणजे बनावट, फसवायला केलेली किंवा फसवायला वापरलेली. मला स्वतःला हा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी ऑनलाइन लिलावात एक ए-टू घेतलं, विकणाऱ्याने सांगितलं आजोबांचं आहे, आत युद्धकाळातल्या कंत्राटदाराचं लेबल, टाइप ए-टू, ड्रॉइंग नंबर, ऑर्डर नंबर, खाली 'प्रॉपर्टी एअर फोर्स यू.एस. आर्मी', सगळं जागच्या जागी. कोपर घासलेले, एक पट्टी खाल्लेली. मी हरखून गेलो. मग एका जाणत्या मित्राने सांगितलं दिवे बंद कर आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मार. मारला, तर शिवणीतला दोरा निळापांढरा लख्ख चमकायला लागला, गणपतीच्या माळांसारखा. जुना सुती दोरा असा चमकत नाही, आजचा पॉलिएस्टर चमकतो. (एक सांगून ठेवतो, फक्त अस्तर चमकलं म्हणून लगेच रडू नका, कुणीतरी ते आजच्या डिटर्जंटने धुतलेलं असू शकतं, त्यातली चमक आणणारी द्रव्यं कापडात राहतात. आणि चेन नवी असली तरी ती मागाहून बदललेली असू शकते. पण कातड्याचा मूळ शिवणीतला दोराच पॉलिएस्टरचा म्हटल्यावर विषय संपला.) म्हणजे ती कुठल्यातरी चांगल्या कारागिराची प्रामाणिक प्रतिकृती होती, मधल्या कुणीतरी कारागिराची खूण काढून टाकली, घासली, पुसली आणि आजोबा जोडले.

यात कारागिराचा दोष किती? जुनं लेबल हुबेहूब लावणं मला चालतं, लेबल हा जॅकेटचाच भाग आहे, ते नसेल तर काम अपुरं वाटतं. पण माझं म्हणणं आहे की आपली स्वतःची खूण त्याने अशा जागी ठेवावी जी काढता येणार नाही, खिशाच्या आतल्या बाजूला कातड्यावरच ठसा उमटवला किंवा चेनमागच्या पट्टीच्या आत दाबून उमटवला तर घालणाऱ्याला दिसत नाही आणि विकणाऱ्याला लपवता येत नाही. काही जण नुसती एक छोटी कापडी पट्टी अस्तराला शिवतात, ती ब्लेडने दोन मिनिटांत जाते.

आणि चित्रं. पाठीवर रंगवलेलं विमानाचं नाव, मुलगी, आणि खाली ओळीने छोटे बॉम्ब. तो एकेक बॉम्ब म्हणजे त्या माणसाने पार पाडलेली एकेक मोहीम. इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या एअर फोर्सच्या बॉम्बरवाल्यांना आधी २५ मोहिमा कराव्या लागायच्या, १९४४ मध्ये त्या ३० आणि मग ३५ झाल्या, आणि २५ पूर्ण व्हायच्या आधी कित्येक जण गेले. तेव्हा कॅटलॉगमध्ये '२५ बॉम्बवालं डिझाइन' असं वाचलं की मला कसंतरी होतं. नाटकात, सिनेमात, युद्धाचे प्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींच्या कार्यक्रमात ठीक आहे, तिथे सगळ्यांना माहीत असतं. तसंच ते चिनी निशाण आणि चिनी अक्षरांचं कापड, जे फ्लाइंग टायगर्सच्या, म्हणजे चीनच्या बाजूने लढणाऱ्या अमेरिकन वैमानिकांच्या पाठीवर असायचं. त्यात लिहिलेलं असायचं की हा परदेशी माणूस चीनला युद्धात मदत करायला आलाय, सैनिकांनी आणि लोकांनी त्याला वाचवावं. विमान पडलं तर अनोळखी गावात जीव वाचवायची ती चिठ्ठी होती, प्रत्येकावर नंबर असायचा. आता ती छापून, मुद्दाम विटवून, कुठल्याही जॅकेटच्या पाठीवर शिवून मिळते. कोरं जॅकेट घ्या हो. वाटलंच तर छातीवर चामड्याच्या पट्टीवर स्वतःचं नाव लावा, तेही त्यांच्यासारखंच होईल, त्यांनीही स्वतःचंच लावलं होतं.

लोक विचारतात एवढं करून अस्सल का नाही घेत. घेतलं तर घालणार कसं? एक तर त्या पोरांची अंगं सडपातळ, उंची सरासरी ५ फूट ८ इंचाच्या आसपास, ४० नंबरचं जॅकेट आजच्या ४० छातीच्या माणसाला बसेलच असं नाही. आणि बसलं तरी खांद्याच्या शिवणीतला सुती दोरा एका झटक्यात तुटतो, कातडं कागदासारखं फाटतं. अस्सल जॅकेट बघायला आहे, जपायला आहे. ते नवं असताना कसं होतं, त्यात हात कसे हलायचे, कॉलर मानेला कशी टोचायची, हे कळायला प्रतिकृतीच लागते, दुसरा मार्ग नाही. माझं ते फसवणुकीतलं जॅकेट मी परत केलं नाही. नवीन पट्ट्या बसवून घेतल्या आणि आता मी ते कुणी विचारलं तर 'प्रतिकृती आहे' असं सांगून घालतो. अंगात मात्र असं बसतं की काय सांगू.

तर विनंती दोन. एक, पुढे या विषयावर लिहाल तेव्हा नकली आणि प्रतिकृती हे दोन शब्द वेगळे ठेवा आणि झीज ही खरेपणाची खूण म्हणून छापू नका, तुमचा लेख वाचून कोणीतरी घासलेलं जॅकेट अस्सल समजून घेईल. दोन, पान तीनवरच्या फोटोखाली ए-टू लिहिलंय, पण त्या जॅकेटला फरची कॉलर आहे आणि पाठीत हात पुढे नेता यावेत म्हणून चुण्या सोडलेल्या दिसतायत. ते अमेरिकन नौदलाचं आहे, शेळीच्या कातड्याचं, युद्धकाळात एम-४२२ए म्हणायचे आणि १९४७ पासून जी-वन. तेवढी दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी.

आपला,
एक नियमित वाचक